साहेबांची आंधळी कोशिंबीर

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म दिलाय. कुत्रा आज कसा होता ते रोज लिहायचं. त्यासाठी चौकोन दिलाय काडेपेटीएवढा. आमच्या साहेबांची शेपटीसुद्धा त्यात मावायची नाही. म्हणून ही वही काढली. तिकडे गुण लिहीन, इकडे अवगुण.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. खुर्ची सोडत नाहीत, हाक मारली की आधी विचार करतात आणि मग येत नाहीत. म्हणून साहेब. आता वय झालं, मागचे गुडघे गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बाबा त्यांना सकाळ-संध्याकाळ उचलून खाली नेतात आणि वर आणतात. बाबा फर्निचरच्या दुकानात कामाला आहेत. म्हणतात, "दिवसभर कपाटं उचलायची आणि घरी येऊन हे केसाळ कपाट."

परवा जिन्यात बाबांची कंबर धरली. जेवताना सांगून टाकलं, "एप्रिल संपेपर्यंत बघू. आपला आपण जिना चढला तर ठीक, नाहीतर त्याला त्रासातून सोडवू." त्रास कोणाचा, ते नाही बोलले. सोडवायचं म्हणजे इंजेक्शन. आई ताटात बघत राहिली. मी पण. साहेब खुर्चीवर घोरत होते. त्यांना वाटलं असेल दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

एप्रिल का, तर तेव्हा औषधाची चाचणी संपते. संशोधनवाल्यांची मोठी इमारत आहे, डाव्या हाताला प्राणी, उजव्या हाताला माणसं, मधे कॉफीचं मशीन. कुत्र्याचा गुडघा आणि माणसाचा गुडघा सारखाच झिजतो म्हणे. म्हणून एकच नवीन गोळी दोघांवर बघतायत. आईने साहेबांचं नाव डावीकडे घातलं आणि आजोबांचं उजवीकडे. आजोबांचे गुडघे साहेबांच्याही आधी गेलेत, पण त्यांना कोणी उचलत नाही म्हणून कोणाची कंबर धरत नाही.

आजोबा वाळलेत आणि साहेब सुटलेत, त्यामुळे दोघांचं वजन जवळपास सारखं आलं. दोघांना रोज एकच गोळी. तपकिरी, गोल. आजोबांची डबी निळ्या झाकणाची, साहेबांची लाल.

५ फेब्रुवारी

आज गोळ्या सुरू झाल्या. त्याआधी झालेली गंमत लिहायची राहिली.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी आजोबांना समजावलं की ही दुहेरी आंधळी चाचणी आहे. आजोबा घरात गर्जतात, पण डॉक्टर दिसला की मऊ पडतात. "हो साहेब, हो साहेब" एवढंच म्हणत होते. प्रत्येक "साहेब"ला आमचे साहेब मान वर करून बघत होते. डॉक्टरांना वाटलं कुत्रा फार हुशार आहे.

घरी आल्यावर आजोबांचा स्फोट झाला. "आंधळी! दुहेरी! म्हणजे दोन्ही डोळे! गुडघे बरे करायला गेलो आणि डोळे घालवून आलो!"

आई शिवणाचं मशीन थांबवून म्हणाली, "अहो, तसं नाही. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी, नुसत्या पिठाची. कोणाला कुठली ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. आंधळी कोशिंबीर, तशी."

"मग राज्य कोणावर?"

आईने मशीन परत सुरू केलं. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं की माहीत असलं की माणूस आपल्याला हवं तेच बघतो, म्हणून डोळे बांधायचे. मला हे बोलून दाखवायचं होतं. पण घशापर्यंत येऊन तिथेच बसलं, नेहमीसारखं. शाळेत उभं करून वाचायला लावायचे तेव्हाही असंच. नुसती हवा. मग वर्ग हसायचा. नववीनंतर मी गेलेच नाही. आता हसायला घरात आजोबा आहेत, ते मला भाषणबाई म्हणतात.

"भाषणबाई," आजोबा मला म्हणाले, "तू सांग. माणसाला खोटी गोळी देतील काय? माणूस कोर्टात जाईल. कुत्रं कुठल्या कोर्टात जाणार? पीठ ह्यालाच घातलंय, लिहून ठेव."

लिहून ठेवलं.

संध्याकाळी बघितलं तर आजोबा ओट्याजवळ दोन्ही डब्या उघडून उभे. एका हातात निळं झाकण, एका हातात लाल. मला बघून म्हणाले, "वास बघत होतो. आजपासून साहेबाची गोळी मीच देणार. तू घाबरट, तो बोट चावेल." साहेबांनी आजवर बिस्किटाशिवाय काही चावलेलं नाही. ते पण विचार करून.

१२ फेब्रुवारी

फॉर्मात शून्य ते दहा असं पण लिहायचंय. मी सगळ्यांना विचारून घेते, म्हणजे पुढे करते, कागद.

बाबा: दोन. "बघ, कसा फरपटतोय."

आई: आठ. "डोळ्यांत केवढं तेज आलंय!"

आजोबा: "येईल, येईल गुण. औषध पक्कं आहे." इतके खूश, जसे काही त्यांनीच बनवलं.

कुत्रा एकच. मी चार लिहिले. डोळे बांधायला हवे होते ते आमच्या घरातल्यांचे.

२० फेब्रुवारी

काही नाही. साहेबांनी बाबांच्या बुटावर ओकारी काढली. बाबांनी शून्य दिलं.

१ मार्च

औषधाला गुण येतोय. फक्त चुकीच्या माणसाला, म्हणजे माणसालाच.

आजोबा सकाळी पेपर आणायला स्वतः खाली गेले आणि वर आले. काठी खालीच विसरून आले. मी बघतेय हे कळलं तसे लंगडायला लागले. पण डाव्या पायाने. दुखतो उजवा. त्यांचं दुखणंसुद्धा कूस बदलतं वाटतं. कळत नाही, बरं वाटतंय तर लपवायचं कशाला? मी असते तर... मी पण लपवलंच असतं. पण मी मी आहे.

साहेब मात्र आज पाण्याच्या भांड्यापर्यंतही उठले नाहीत. मी भांडं खुर्चीशी नेलं. आजोबा दारातून बघत होते. म्हटलं आता टोमणा येणार. आला नाही. नुसतेच परत गेले.

१४ मार्च

मधली तपासणी. एक चटई असते, तिच्यावरून चालायचं, कुठल्या पायावर किती भार पडतो ते चटई सांगते. आधी माणसं, मग कुत्री. आमच्या घरचं मत कोणी विचारलं नाही. चटई कोणाची नातेवाईक नाही.

आजोबा असे चालले की गुडघ्याच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. "आजोबा, तुम्ही तर पळताय!" आजोबांचं तोंड मात्र चोरी पकडल्यासारखं. मग साहेबांना आणलं. साहेब चटईवर आले, अर्ध्यात बसले आणि उठेनात. डॉक्टरीणबाईंनी बिस्किट दाखवलं. साहेबांनी विचार केला. शेवटी त्यांना चटईसकट बाजूला सरकवलं. बाई पेनाचं टोपण दाताखाली धरून बसल्या.

येताना बाबा म्हणाले, "मी एप्रिलचं बोललो होतो. पण ओढून काय उपयोग?"

आई म्हणाली, "एप्रिल म्हणजे एप्रिल." आईचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

१६ मार्च

आजोबा बरोबरच बोलले होते. माणसाला खरं, कुत्र्याला पीठ. डॉक्टरीणबाईंवर मला फार राग आलाय. एवढ्या गोड बोलतात, साहेबांच्या कानामागे खाजवतात आणि पीठ घालतात.

मला एक सुचलंय. ते इथेही लिहीत नाही.

लिहितेच. गोळ्या दिसायला सारख्याच आहेत. निळ्यातल्या लालमध्ये घालायच्या, लालमधल्या निळ्यात. आजोबांचे गुडघे परत दुखतील. पण आजोबांना कोणी इंजेक्शन देणार नाही.

हे वाचून मीच मला आवडले नाही. तरी करणार आहे.

१७ मार्च

केलं. सकाळभर संधी मिळाली नाही. उलट आजोबांनीच मला खाली साबण आणायला पिटाळलं. आणला, तर घरात दोन वड्या पडलेल्या. म्हातारपण. मग दुपारी ते आंघोळीला गेले तेव्हा मी ओट्यावर दोन वाट्यांत गोळ्या काढून अदलाबदल केली. आजोबा आत गाणं म्हणत होते. बऱ्याच दिवसांनी इतके खुशीत होते. मला रडू आलं. त्यांचे चांगले गुडघे मी वाटीतून चोरले आणि ते गातायत.

२८ मार्च

काहीच बदललं नाही! आजोबा ठणठणीत. साहेब तसेच.

म्हणजे हे औषधच तसलं आहे का, माणसाला चालतं आणि कुत्र्याला नाही? पण मग पीठ खाऊनही आजोबा बरे कसे? माझं डोकं चालेना. आजोबांचंही चालत नसावं. सारखे साहेबांच्या गुडघ्यांना हात लावून बघतात, मग स्वतःच्या. आज साहेबांना म्हणताना ऐकलं, "अरे, आता तरी उठ की गाढवा. आता काय राहिलं?"

कुत्र्याला गाढव म्हटलेलं साहेबांना आवडलं नाही. तोंड फिरवलं.

३ एप्रिल

सविस्तर लिहिते, कारण आज मी आयुष्यभराचं बोलले.

दुपारी आई कपडे द्यायला गिऱ्हाईकाकडे गेली होती. मी स्वयंपाकघरात आले तर आजोबा ओट्याशी. दोन्ही झाकणं उघडी, एका वाटीत गोळ्या, हातात लाल डबी.

"काय करताय?" मी म्हटलं. आवाज एवढा मोठा आला की मीच मागे बघितलं, कोण बोललं म्हणून.

आजोबा दचकले. वाटी उडाली, डबी सुटली, निळीलाही धक्का लागला आणि सगळ्या गोळ्या फरशीवर. सगळ्या तपकिरी. सगळ्या गोल. पाण्यासाठी न उठणारे साहेब उठले, फरपटत आले आणि दोन गिळून परत गेले.

आजोबा खाली बसले. म्हणजे पडलेच. "झालं," म्हणाले.

"तुम्ही गोळ्या बदलत होतात?"

"पहिल्याच दिवशी बदलल्या होत्या. माणसाला खरं मिळणार हे पक्कं होतं. माझे गुडघे काय, दुखून दुखून दुखतील. ह्याला तुझा बाप टोचायला निघालाय. म्हणून माझ्या ह्याला दिल्या, ह्याच्या मी खाल्ल्या."

"मग बरे तुम्ही कसे झालात?"

"तेच तर! खरं औषध कुत्र्याच्या डबीत निघालं! मी त्याच्या तोंडचं काढून खात बसलो. पेपर आणायला जिना उतरलो ना, प्रत्येक पायरीला वाटायचं, ही ह्याची पायरी."

मग डावा पाय लंगडला त्याचं मला कळलं. मला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं.

"मार्चमध्ये परत होत्या तशा केल्या मी," आजोबा म्हणाले. "तरी हा उठेना, म्हणून आज परत फिरवून बघत होतो."

"मार्चमध्ये कधी?"

"तुला साबणाला धाडलं तेव्हा."

मला बसावंच लागलं. "आजोबा, त्याच दुपारी मी पण बदलल्या. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा."

त्यांनी बोटाने हवेत इकडून तिकडे, तिकडून इकडे करून हिशोब लावला. "म्हणजे मी सरळ केलेलं तू परत उलटं केलंस?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"अगं, तू बोलतेस कुठे!"

आम्ही दोघं हसायला लागलो. हसता हसता आजोबा थांबले. "थांब. तुला वाटत होतं की खरी माझ्याकडे आहे. म्हणजे तू माझ्या गुडघ्यांवर पाणी सोडलंस?"

मी मान खाली घातली.

"बरं केलंस," म्हणाले. "माझीच नात."

मग आम्ही फरशीवरच्या गोळ्या गोळा केल्या. एकच ढीग झाला. खरी कुठली, पीठ कुठलं, देवालाही कळणार नाही. एप्रिल चालू आहे. आता जाऊन सांगण्यावाचून इलाज नाही.

"मी सांगेन," आजोबा म्हणाले. "तू काळजी करू नकोस. मी बघतो त्या डॉक्टरांकडे."

४ एप्रिल

आजोबांनी बघितलं डॉक्टरांकडे. नुसतंच बघितलं.

दोन्ही डॉक्टर समोर, टेबलावर गोळ्यांची पिशवी. गुडघ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" आजोबा म्हणाले, "हो साहेब." साहेबांनी मान वर केली. डॉक्टर म्हणाले, "हो काय?" आजोबा म्हणाले, "हो साहेब."

असं चाललं असतं तर मे उजाडला असता. मी उभी राहिले. शाळेत उभी राहायचे तशीच. आधी हवाच आली. मी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांनाच सांगतेय असं समजून सगळं सांगितलं. झाकणं, साबण, आंघोळ, फरशी. साहेबांनी पूर्ण ऐकलं. मधे एकदा जांभई दिली.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजोबा, हे विज्ञान आहे. तुमच्या घरची वाटी शेजारच्या घरी, असं नसतं. तुम्ही दोघंही चाचणीतून बाद."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला होता. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग गंभीर झाल्या. कुठूनतरी परवानगी घेतली, कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाल्या, "साहेबाची गोळी खरी होती. आजोबांची पिठाची."

"माणसाला पीठ?" आजोबांना एकदम वाचा फुटली. "मी कोर्टात जाईन!"

"काय म्हणून जाल?" डॉक्टरांनी विचारलं. "कुत्र्याचं औषध खाल्लं म्हणून?"

आजोबा बसले.

बाई मला म्हणाल्या, "तू बोलली नसतीस तर तुझा साहेब आमच्याकडे असा मोजला गेला असता की खरं औषध घेऊनही पडूनच राहिला. असे आणखी दोन-चार साहेब निघाले असते तर हे औषध कपाटात गेलं असतं. सगळ्याच कुत्र्यांचं. आणि त्यांच्या मागोमाग माणसांचंही."

हे मला सुचलंच नव्हतं. मला एकच कुत्रा दिसत होता.

आता निर्णय असा की बाद झालेल्या कुत्र्याला खरी गोळी चालू ठेवता येते. बाद झालेल्या माणसाला नाही, माणसांची परवानगी अजून यायची आहे. माणसांना कागद जास्त लागतात. साहेबांना नवी डबी मिळाली. गिळलेल्या दोन गोळ्यांनी काही होणार नाही म्हणाल्या. आजोबांना मिळाली काठी परत घ्यायची सूचना.

बाहेर येऊन मी त्यांना म्हटलं, "तुमचे गुडघे?"

"दोन महिने वापरले की फुकट," ते म्हणाले. "दुसऱ्याचे."

१९ एप्रिल

साहेब पहिला मजला चढले. बाबांनी फॉर्म नसतानाही गुण दिले. तीन.

आजोबांचा उजवा पाय परत दुखतोय. मी खात्री करून घेतली, उजवाच.

आज फोन वाजला, डॉक्टरीणबाई होत्या, साहेब कसे आहेत विचारत होत्या. घरात कोणी नव्हतं म्हणून मी उचलला. खरं म्हणजे आई होती.

३० एप्रिल

परीक्षा. बाबा तिसऱ्या मजल्यावर दारात उभे, कमरेवर हात. आई त्यांच्या मागे. खाली मी, साहेब आणि आजोबा. आजोबांना कोणी बोलावलं नव्हतं, पण म्हणाले, "ह्याच्याबरोबर मीच बसलो होतो परीक्षेला, निकालालाही मीच राहणार."

साहेब निघाले. पहिला मजला. दुसरा मजला. आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले.

वरून बाबांचा आवाज आला. "झालं. बघितलंत? मी काही दुष्ट नाही, पण सांगितलं होतं की नाही?"

साहेब बाबांकडे बघतच नव्हते. खाली बघत होते. खाली आजोबा, एक हात कठड्याला, एक हात काठीला, एक पायरी, मग श्वास, मग एक पायरी. ते वळणापर्यंत आले तसे साहेब उठले आणि पुढे निघाले. दोन पायऱ्या चढून थांबले. आजोबा आले. परत दोन पायऱ्या. असे दोघं दारात पोचले. धापा आजोबा टाकत होते.

बाबा चिडूनच म्हणाले, "हा चढला. पण आता ह्यांना कोण उचलणार?"

मी मागून वर आले होते. आवाज आपोआप आला, हवा आधी आलीच नाही.

"बाबा, त्यांना पण त्रासातून सोडवायचं का?"

आईने तोंडाला पदर लावला. आजोबा कठडा धरून हसायला लागले आणि खोकायला लागले. म्हणाले, "भाषणबाई, बस झालं. एवढ्यावर टाळ्या."

बाबा आत गेले. जेवताना कोणाकडे बघितलं नाही.

२ मे

सकाळी दार उघडलं तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवलेली. बाबांच्या दुकानातली, एक पाय दुरुस्त केलेली. कंबर धरलेली असताना बाबांनी ती कधी वर आणली, कोण जाणे.

खुर्ची आजोबांना मधे दम खायला आहे. पण ते दुसऱ्या मजल्यावर पोचतात तोवर साहेब बसलेले असतात. आजोबा त्यांना उठ म्हणतात. साहेब आधी विचार करतात.